नॉर्मलच्या रकान्यातलं एलडीएल

लिपिड प्रोफाइलचा कागद हातात आला की आपण आकडे सोडून आधी बाण वाचतो. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी वर किंवा खाली जाणारा बाण असतो. बाकीच्या ओळी साध्या अक्षरांत, म्हणजे ठीक. कोकणातल्या देवरूखच्या एखाद्या पॅथॉलॉजीतून असा कागद घेऊन निघालेल्या माणसाची कल्पना करू. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह सात-आठ वर्षांचा, अंगाने सडसडीत, पोट थोडंसं पुढे. कागदावर एकूण कोलेस्टेरॉल १८६, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २६५ आणि एलडीएल ९९, सगळं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. बाण दोनच. ट्रायग्लिसराइडपुढे वरचा, एचडीएलपुढे खालचा. एकूण कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत आणि 'वाईट' म्हणून ज्याची ख्याती, ते एलडीएल शंभरच्याही आत. घरी जाऊन हा माणूस सांगणार, "शुगर जरा वर आहे, पण कोलेस्टेरॉल एकदम नॉर्मल."

मधुमेह असलेल्याच्या घरात हे वाक्य फार महाग पडू शकतं. या कागदावरच्या ज्या ओळीने त्याचा जीव भांड्यात पडला, तीच ओळ सर्वांत कमी भरवशाची आहे. आणि ज्या आकड्याने त्याला जागं करायला हवं होतं, तो पुष्कळ कागदांवर छापलेलाच नसतो. तो स्वतः काढावा लागतो. एक वजाबाकी, बस्स.

आधी एलडीएलचं बघू. पुष्कळ प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड ही तीन मोजमापं प्रत्यक्ष होतात आणि एलडीएल त्यांवरून हिशेबाने काढतात. हे सूत्र १९७२ सालचं, अमेरिकेतल्या विल्यम फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरलं ते एलडीएल. आपल्या कागदावर १८६ वजा ३४ वजा ५३, बरोबर ९९. त्या काळी एलडीएल वेगळं काढायला रक्त यंत्रात तासन्‌तास प्रचंड वेगाने फिरवावं लागे. ते काम कुठल्याही गावात कागद-पेन्सिलीवर होऊ लागलं, ही मोठीच सोय होती.

पण सूत्राच्या पोटात एक गृहीतक आहे. व्हीएलडीएल नावाच्या कणांत पाच भाग ट्रायग्लिसराइडमागे एक भाग कोलेस्टेरॉल असतं, असं ते धरून चालतं. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असलं की हे प्रमाण बिघडतं. पाच भागांमागे एक भाग भरत नाही, त्यामुळे वजाबाकी गरजेपेक्षा जास्त होते आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसतं. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं तर हे सूत्र वापरूच नये, असं खुद्द फ्रीडवाल्ड यांनीच सांगितलं होतं. दोनशे-तीनशेच्या टप्प्यातही ते थोडं फसवतं, आणि एलडीएल जितकं खाली तितकं जास्त फसवतं. आता मधुमेहात नेमकं काय वाढतं? ट्रायग्लिसराइडच. म्हणजे ज्यांना हा आकडा अचूक हवा, त्यांच्याच बाबतीत सूत्र चुकतं, आणि चुकतं तेही दिलासा देण्याच्या दिशेने. अलीकडे २०१३ आणि २०२० मध्ये सुधारित सूत्रं आली, काही प्रयोगशाळा ती वापरतातही. पण खरा घोटाळा सूत्राच्याही पलीकडचा आहे. एलडीएल अगदी काटेकोर मोजलं, तरी मधुमेहात तो आकडा पुरती हकिगत सांगत नाही.

त्यासाठी यकृतापर्यंत जावं लागेल. तेल-तूप पाण्यात विरघळत नाही, तशी चरबी रक्तातही मोकळी फिरू शकत नाही. यकृत ती प्रथिनांच्या आवरणात गुंडाळून कणांच्या रूपात रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइडने भरलेला ताजा, मोठा कण म्हणजे व्हीएलडीएल. वाटेत स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना माल देत देत तो लहान होतो आणि शेवटी कोलेस्टेरॉल उरलेला एलडीएल बनतो. या सगळ्यावर इन्सुलिनची देखरेख असते. इन्सुलिन फक्त साखरेचं काम करतं ही समजूत अर्धवट आहे. जेवणानंतर ते चरबीच्या पेशींना सांगतं, साठा आता सोडू नका. टाइप टू मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, चरबीच्या पेशी हे ऐकत नाहीत आणि स्निग्धाम्लांचा ओघ रात्रंदिवस यकृताकडे चालू राहतो. त्यात ताटातल्या जादा पिष्टाचीही यकृत चरबी बनवतं. मग ते तरी काय करणार? व्हीएलडीएल भरभरून रक्तात सोडत राहतं, आणि रक्तातून ते उचलणारी यंत्रणाही मंदावलेली असते. कागदावर ट्रायग्लिसराइड २६५ दिसतं, ते इथून.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची. रक्तात सीईटीपी नावाचं एक प्रथिन देवाणघेवाणीचं काम करतं. व्हीएलडीएलमधलं ट्रायग्लिसराइड ते एचडीएल आणि एलडीएलला देतं, बदल्यात त्यांच्याकडचं कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलला देतं. ट्रायग्लिसराइडने भरलेल्या या एचडीएल-एलडीएलला यकृतातलं एक विकर कातरून लहान करतं. लहान झालेलं एचडीएल शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून एचडीएल ३४. आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, कण मात्र पुष्कळ.

इथे आंब्याच्या पेटीची आठवण ठेवा. पेटी घेताना आपण विचारतो, किती डझनी? चार डझनी पेटीत फळ मोठं, सहा-सात डझनी पेटीत बारीक. वजन दोन्हींचं जवळपास सारखं, फळांची संख्या मात्र दीड-पावणेदोन पट. एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा म्हणजे पेटीचं वजन. रक्तवाहिनीच्या अस्तरातून आत घुसतो, तिथे अडकतो आणि गाठ धरायला लावतो तो कण, आणि कण किती ते वजनावरून कळत नाही. सडसडीत मधुमेही गृहस्थांचं ९९ आणि मधुमेह नसलेल्या त्यांच्या शेजाऱ्याचं ९९, दोन्ही एकच छापलं जातं, पण पहिल्याच्या रक्तात कण बरेच जास्त असू शकतात.

कण मोजायची सरळ सोय आहे. एलडीएल असो, व्हीएलडीएल असो की त्यांच्या मधली कुठली अवस्था, अपाय करणाऱ्या अशा प्रत्येक कणावर ॲपो-बी नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू असतो. ॲपो-बी मोजलं की कण मोजले. ही तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते, तालुक्याच्या गावातून नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि खर्च वाढतो. म्हणून गरिबाचं ॲपो-बी म्हणता येईल अशी ती वजाबाकी. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, उरलं ते नॉन-एचडीएल. अपायकारक सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल त्यात येतं. ट्रायग्लिसराइडचा हिशेब त्यात नाही, म्हणून सूत्राची चूकही नाही. आपल्या कागदावर १८६ वजा ३४, म्हणजे १५२.

हा १५२ चांगला की वाईट, हे कागदाच्या उजव्या रकान्याला विचारू नये. तो रकाना सर्वसाधारण माणसासाठी छापलेला असतो, त्याला तुमचा मधुमेह ठाऊक नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कमी जोखमीच्या माणसासाठी एलडीएल १०० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली असं लक्ष्य आहे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेला माणूस जास्त जोखमीच्या गटात धरला आहे, त्याच्यासाठी ७० आणि १००. ज्यांना आधीच हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी ५५ आणि ८५. या हिशेबाने आपल्या गृहस्थांचं 'एकदम नॉर्मल' कोलेस्टेरॉल लक्ष्याच्या दीडपट आहे.

मधुमेह्यांना एवढी कडक वागणूक का? याची मुळं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या एका अभ्यासात आहेत. मधुमेह आहे पण झटका कधी आलेला नाही, अशांपैकी सुमारे २० टक्क्यांना सात वर्षांत झटका आला. मधुमेह नाही पण एक झटका येऊन गेलेला आहे, अशांमध्ये हे प्रमाण सुमारे १९ टक्के होतं. दोन्ही नसलेल्यांत साडेतीन टक्के. मधुमेह म्हणजे एक झटका येऊन गेल्यासारखंच, हे सूत्र तेव्हापासून रूढ झालं. पुढच्या अभ्यासांनी त्याची धार कमी केली. मधुमेह नुकताच सुरू झालेल्या चाळिशीतल्या माणसाची जोखीम तितकी नसते. वर्षं वाढतात तशी ती वाढते. पण दिशा बदललेली नाही. शिवाय मधुमेहात नसा बधिर झालेल्या असतील तर झटक्याची कळ छातीत येईलच असं नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. लोक पित्त समजून सोडा पितात आणि वेळ जातो. बायकांना पाळी जाईपर्यंत हृदयविकारापासून जे संरक्षण असतं, तेही मधुमेह बऱ्याच अंशी हिरावून घेतो. घरातली बाई दम लागल्याचं सांगत असेल तर ते जिना चढल्यामुळे आहे असं ठरवून मोकळं होऊ नये.

आपलं सगळं लक्ष साखरेवर असतं. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे मधुमेह्यांना तोंडपाठ असतं. नॉन-एचडीएल किती, हे कुणी सांगत नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्ये मधुमेह्यांच्या हृदयविकाराचं भाकीत कशावरून होतं याचा क्रम लावला. पहिलं एलडीएल, दुसरं एचडीएल, तिसऱ्या जागी तीन महिन्यांची साखर, मग रक्तदाब आणि धूम्रपान. साखर आटोक्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंडं आणि पायाच्या नसा वाचतात, त्यात काही शंका नाही. हृदय वाचवायला तेवढं पुरत नाही. डेन्मार्कमधल्या स्टेनो केंद्रात फक्त १६० मधुमेही घेऊन एक प्रयोग झाला. निम्म्यांची साखर, रक्तदाब आणि चरबी या सगळ्यांवर एकाच वेळी कसून उपचार केले, बाकीच्यांवर तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे. साधारण आठ वर्षांत पहिल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांचे आघात जवळजवळ निम्म्यावर आले. एकवीस वर्षांनी पाहिलं तर त्या गटातली माणसं सरासरी सात-आठ वर्षं जास्त जगली होती.

आता त्या सडसडीत अंगाबद्दल. देवरूख परिसरातली माणसं सह्याद्रीच्या पायथ्याशी चढ-उतार करत राहतात, भात लावतात, गवत कापतात. इथला मधुमेही पुष्कळदा जाडजूड नसतोच. 'मी तर काटक, मला कसलं कोलेस्टेरॉल' हा त्याचा युक्तिवाद असतो आणि वरवर तो पटतोही. याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून अगदी वेगळे. एका पानात मांडलेला हा पुरावा जगभर गाजला, आणि माझ्या मते मराठी माणसाने वैद्यकाला दिलेल्या सर्वांत बोलक्या पुराव्यांपैकी तो आहे.

याज्ञिक तिथे थांबले नाहीत. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. आपल्या बाळात स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळपास इंग्रज बाळाइतकी राखलेली. म्हणजे बारीक दिसणारं, पण चरबी धरून ठेवणारं शरीर आईच्या पोटातच घडत असतं. देवरुखात इंदिराबाई हळबे, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, यांनी १९५४ साली दोन खाटांचं प्रसूतिगृह काढलं, त्याचं पुढे मातृमंदिर झालं. त्या काळात इथे जन्मलेली बाळं आज सत्तरीला टेकली आहेत. आईचं पोषण आणि मुलाचं पन्नाशीतलं लिपिड प्रोफाइल यांचा संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसणार. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने आता हाच धागा धरून कोकणातल्या १६ ते १८ वर्षांच्या १५२० मुलींचा दीर्घ अभ्यास सुरू केला आहे. उद्याच्या या आया. अभ्यास सुरू झाला तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणी कमी वजनाच्या होत्या.

या शरीराची चरबीची नोंदही वेगळीच येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. त्या टप्प्याचे लिपिडचे आकडे २०१४ मध्ये आले. वाढलेलं एलडीएल सुमारे १२ टक्के लोकांत, वाढलेलं ट्रायग्लिसराइड ३० टक्क्यांच्या आसपास आणि कमी एचडीएल तब्बल ७२ टक्के लोकांत. पाश्चात्त्य पुस्तकात कोलेस्टेरॉलचा रोगी म्हणजे एलडीएल दोनशेच्या घरात गेलेला माणूस. आपल्याकडचा रोगी त्या चित्रात बसत नाही, म्हणून सुटतो. बावन्न देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासातून नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दक्षिण आशियाचे आकडे वेगळे काढले. पहिल्या झटक्याचं मध्यवर्ती वय आपल्याकडे ५३, इतर जगात जवळपास ५९. आणि इंटरहार्टमध्ये झटक्याशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते ॲपो-बी आणि एचडीएलमधल्या ॲपो-ए१ यांच्या गुणोत्तराचं, म्हणजे पुन्हा कणांचंच.

इथे एक वळण आहे, आणि चांगले शिकलेले लोकही त्यावर घसरतात. कागदावर बाण दोन आहेत, एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, तेव्हा औषध त्या दोन्हींवर द्यावं असं कुणालाही वाटेल. औषध कंपन्यांनाही तसंच वाटलं होतं. एचडीएल भरघोस वाढवणारं टॉरसेट्रॅपिब आलं. २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले होते. नायसिनने एचडीएल वाढलं, झटके कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइडचंही तेच. टाइप टू मधुमेह, जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल असलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांवर पेमाफायब्रेटची चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला. ट्रायग्लिसराइड चांगलं उतरलं, पण झटके आणि पक्षाघात तेवढेच राहिले. त्या लोकांत ॲपो-बी कमी झालेलं नव्हतं. उलट किंचित वाढलं होतं. अहमदाबादच्या झायडसने तयार केलेलं सारोग्लिटाझार २०१३ पासून आपल्याकडे मधुमेह्यांच्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी मिळतं. त्याने आकडे सुधारतात, पण झटके टळतात हे दाखवणारी मोठी चाचणी त्याच्या पाठीशी नाही.

मग ते दोन बाण निरुपयोगी का? मुळीच नाही. यकृत आणि इन्सुलिन यांचं बिनसलं आहे, यकृतात चरबी साचत असावी, कण बारीक झाले असावेत, साखर किंवा दारू जास्त होते आहे, थायरॉइड मंद असू शकतो, एवढं सगळं ते सांगतात. ट्रायग्लिसराइड पाचशेच्या पुढे सरकलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, हजाराच्या पुढे ती फारच वाढते, आणि तेव्हा ते उतरवण्याचं औषध लगेच लागतं. पण हृदयासाठी गोळी ठरवताना हात घालायचा तो कणांच्या संख्येला. हे काम आजवर सर्वांत खात्रीने केलं आहे ते स्टॅटिनने, बाजारात जिला 'कोलेस्टेरॉलची गोळी' म्हणतात तिने.

स्टॅटिनचा जन्म भातखाऊंना आवडावा असा आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना यकृताचं कोलेस्टेरॉल बनवणं रोखणारा पदार्थ सापडला. त्या शोधाच्या वाटेने पुढे आलेलं पहिलं औषध १९८७ मध्ये बाजारात आलं. एंडो २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. नोबेल त्यांना मिळालं नाही, ते का मिळालं नाही हे मला कधीच उमगलेलं नाही. या गोळीने यकृताला स्वतःपुरतं कोलेस्टेरॉल कमी पडू लागतं, मग ते रक्तातले कण ओढून घ्यायला आपल्या पृष्ठभागावर जास्त ग्राहक उभे करतं आणि रक्तातली गर्दी उतरते.

मधुमेह्यांसाठी निर्णायक ठरली ती २००४ सालची कार्ड्‌स चाचणी. त्यात २८३८ मधुमेही होते, कुणालाही आधी झटका आलेला नव्हता आणि एलडीएल फार वाढलेलं नव्हतं. आपल्या गृहस्थांसारखेच जवळपास. रोज १० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिनने मोठे आघात ३७ टक्क्यांनी घटले. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी थांबवली. पुढे चौदा चाचण्यांतले अठरा हजारांहून जास्त मधुमेही एकत्र मोजले. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरलं की मोठे आघात सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, असं दिसलं.

"ही गोळी साखर वाढवते," हे वाक्यही सगळीकडे फिरत असतं, आणि त्यात तथ्य आहे. २०१० मध्ये तेरा चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा मधुमेह नसलेल्या २५५ जणांना चार वर्षं स्टॅटिन दिल्यावर मधुमेहाचा एक जादा रोगी निघत होता. ज्याला मधुमेह आहेच, त्याची साखर किंचित वर सरकू शकते; तेवढ्यासाठी साखरेच्या गोळीत थोडा बदल करता येतो. स्नायू दुखणं काहींना होतं, तेव्हा मात्रा किंवा औषध बदलून पाहतात, गरजेप्रमाणे एझेटिमाइबची जोड देतात. गरोदरपणात ही गोळी सहसा बंद ठेवतात, म्हणून मूल हवं असलेल्या तरुण मधुमेही बाईने डॉक्टरांना हे आधीच सांगावं.

आता ताटाकडे. कोकणात कोलेस्टेरॉलचा विषय निघाला की पहिला आरोपी नारळ. नारळात कोलेस्टेरॉल नसतं. ते कुठल्याच वनस्पतीत नसतं, त्यामुळे तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' असं छापणं म्हणजे मिठाच्या पुडीवर 'बिनसाखरेचं' छापण्यातला प्रकार. पण खोबरेल तेलातली ऐंशी टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त असते आणि यकृत तिला एलडीएल वाढवून उत्तर देतं. २०२० साली अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब निघाला. सोयाबीन किंवा सूर्यफुलासारख्या तेलांऐवजी खोबरेल वापरलं तर एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने जास्त राहतं. ओल्या खोबऱ्याचं वाटप वेगळं, त्यात पाणी असतं, चोथा असतो. आमटीतल्या मूठभर खोबऱ्याने कुणी दगावत नाही. रोजच्या रोज दाट रस्सा, वर सोलकढी आणि फोडणीही खोबरेलाची, असं असेल तर हात आखडावा.

माझ्या मते मोठा वाटा भाताचा आहे. आपल्या देशात खाण्यातले साठ टक्क्यांहून अधिक उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. दुपारी भात, रात्री भात, मध्ये चहा आणि त्यासोबत खारी-टोस्ट. हे जादा पिष्ट यकृतात ट्रायग्लिसराइड होऊन बसतं. पूर्वी हाच भात पचवणारी लावणी-कापणी होती. आता पुष्कळ शेतं पडीक आहेत आणि अनेक घरांतली कर्ती माणसं मुंबईत. भाताचा ढीग अर्धा करून कुळथाचं पिठलं, मटकीची उसळ, नाचणीची भाकरी वाढवली तर ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांत खाली येतं. औषधाशिवायही लवकर हलणारा असा हा आकडा. बांगडा आणि पेडवे यांतल्या ओमेगा-३ चरबीचाही त्याला उपयोग होतो, मासा तेलात बुडवून तळला नाही तर. दारूने मात्र तो झपाट्याने चढतो.

तपासणीचे दोन बारकावे राहिले. लिपिडसाठी बारा तास उपाशी राहिलंच पाहिजे, असं आता मानत नाहीत. जेवणाने ट्रायग्लिसराइड थोडं हलतं, नॉन-एचडीएल जवळजवळ तेच राहतं. घाटाखालच्या वाडीतून सकाळची एसटी पकडून येणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या म्हाताऱ्याला उपाशी बसवून ठेवणं त्याच्या जिवाला धोक्याचं ठरू शकतं. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर आलं तरच उपाशीपोटी पुन्हा करावं. दुसरा बारकावा लिपोप्रोटीन-ए हा. तो आनुवंशिक असतो, खाण्याने किंवा व्यायामाने फारसा बदलत नाही, म्हणून जन्मात एकदा मोजला तरी पुरतो. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या आकड्यांबाबत डॉक्टर जास्त कडक होतात, आणि भावंडांनी, मुलांनीही तपासून घेणं योग्य. ज्या घरात काका चाळिशीत गेले, वडील पन्नाशीत गेले, तिथे ही तपासणी आधी करावी.

गोळी सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांत पुन्हा रक्त तपासतात, म्हणजे मात्रा पुरते की नाही ते कळतं. तेव्हा कागदावर नॉन-एचडीएल ९२ आलेलं असतं, त्याच्यापुढे बाण नसतो आणि पुष्कळ जण त्याच आठवड्यात गोळी सोडतात, आता गरज नाही म्हणून. तो ९२ गोळीचा असतो. ती थांबली की यकृत पूर्ववत कोलेस्टेरॉल बनवू लागतं आणि दोन-चार आठवड्यांत आकडा १५० च्या आसपास परततो. त्याने काही दुखत नाही, चक्कर येत नाही, लघवीला जास्त जावं लागत नाही, त्यामुळे पुढची तपासणी होईपर्यंत तो परतल्याचं कळतही नाही.